रक्तदात्याची पारख

मराठी भाषेंत रक्त हा शब्द बहुधा नात्याचा, कष्टाचा किंवा वैराचा वाचक म्हणून येतो. सख्ख्या माणसांस आपण रक्ताचीं माणसें म्हणतों. संसारासाठीं झिजणाऱ्या बापानें रक्ताचें पाणी केलें असें म्हणतों. आणि कुळाचा अभिमान सांगावयाचा झाल्यास तोहि रक्ताच्याच नांवानें सांगतों. या सर्व वाक्प्रचारांच्या मुळाशीं एकच समजूत आहे, ती ही कीं, रक्त ही घरची वस्तु आहे. ती बापाकडून लेकराकडे जाते, परक्याकडे जात नाहीं. गेल्या सव्वाशें वर्षांत वैद्यकशास्त्रानें ही समजूत मुळापासून हालविली. आज रिसोडच्या एखाद्या बाळंतिणीस जीवदान देणारें रक्त कोणत्या जातीच्या, कोणत्या गांवच्या मनुष्याचें आहे, हें तिला ठाऊक नसतें. आणि देणाऱ्यासहि आपलें रक्त कोणाच्या उपयोगी पडलें याचा पत्ता लागत नाहीं. दोन अनोळखी माणसांमधील हें नवें नातें एका प्रश्नाच्या उत्तरावर उभें आहे. देणाऱ्याचें रक्त घेण्याजोगें आहे काय, आणि तें कोणीं व कसें ठरवावयाचें, हा तो प्रश्न होय. त्याचा इतिहास वाटतो तितका केवळ वैद्यकाचा नाहीं. त्यांत बाजार आहे, न्यायालय आहे, आणि माणसाच्या भीतीचा व भिडेचाहि मोठा भाग आहे.

आधीं ही पारख होते कशी, तें पाहूं. रिसोडसारख्या तालुक्याच्या गांवीं गणेशोत्सवांत, एखाद्या पुण्यतिथीस किंवा पुढाऱ्याच्या वाढदिवशीं शाळेच्या वर्गांत नाहींतर मंगलकार्यालयांत रक्तदानाचें शिबिर भरतें. दारांतून आंत आलेल्या मनुष्यास लगेच खाटेवर निजवीत नाहींत. त्याच्या हातीं एक छापील पत्रक देतात. त्याचें वय १८ ते ६५ च्या दरम्यान असावें लागतें; पहिल्यानेंच देणारा असेल तर ६० वर्षांच्या आंत. वजन निदान ४५ किलो हवें, म्हणजे ३५० मिलिलिटर रक्त घेतां येतें; ५५ किलोंच्या वर असेल तर ४५०. बोटास टोंचून थेंबभर रक्त काढतात आणि शंभर मिलिलिटर रक्तांत हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅमपेक्षां कमी भरलें तर त्यास परत पाठवितात. पुरुषानें मागील रक्तदानानंतर ९० दिवस व स्त्रीनें १२० दिवस थांबलें पाहिजे. नाडी व रक्तदाब पाहतात. ही पहिली पारख दात्याच्याच हिताची आहे. देतां देतां देणाराच दुबळा होऊं नये, एवढाच तिचा हेतु.

दुसरी पारख प्रश्नांची. कावीळ झाली होती काय? नुकताच हिवताप येऊन गेला काय? वर्षभरांत गोंदवून घेतलें काय? कोणतीं औषधें चालूं आहेत? शरीरसंबंधाविषयींचे, चारचौघांत उच्चारूं नयेत असे प्रश्नहि त्याच पत्रकांत असतात. ही पारख घेणाऱ्याच्या हिताची आहे. तिसरी पारख रक्त काढल्यानंतर प्रयोगशाळेंत होते: एच. आय. व्ही., कावीळ बी, कावीळ सी, उपदंश आणि हिवताप या पांच रोगांसाठीं प्रत्येक पिशवी तपासावी लागते. सामान्य समजूत अशी कीं, खरी पारख ही तिसरीच. पहिल्या दोन म्हणजे सरकारी रीतीप्रमाणें कागद भरणें. परंतु इतिहास पाहिला तर उलट दिसून येतें. यंत्र चुकतें तेथें प्रश्नाचें खरें उत्तर तारतें, आणि उत्तर खोटें असेल तेथें यंत्रहि पुष्कळ वेळां हात टेकतें.

रक्त देतां येईल ही कल्पना जुनी आहे. तें कोणाचें कोणास चालतें हें ज्ञान मात्र नवें. १६६७ सालीं फ्रान्समध्यें झां देनी या वैद्यानें कोंकराचें रक्त माणसाच्या अंगांत घातलें. पुढें असल्या प्रयोगांत माणसें दगावूं लागलीं तेव्हां त्यांना बंदी झाली. १९०१ सालीं व्हिएन्ना येथील कार्ल लँडस्टायनर यानें दाखवून दिलें कीं, माणसामाणसांच्या रक्तांत भेद आहेत व विजोड रक्तें एकत्र आलीं तर त्यांतील पेशींच्या गुठळ्या होतात. ए, बी, ओ हे गट त्यानें सांगितले. ए-बी हा चौथा गट पुढच्याच वर्षीं त्याच्या सहकाऱ्यांस सांपडला. या शोधासाठीं त्यास १९३० सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. मग पहिल्या महायुद्धांत रक्त साकळूं न देतां साठविण्याची युक्ति हातीं आली, आणि रक्त देणारा व घेणारा यांना एकमेकांशेजारीं निजण्याची गरज उरली नाहीं. देणाऱ्याची ओळख तेथें प्रथम पुसली गेली.

त्याच युद्धाच्या अखेरीस हिंदी शिपायांचा या शास्त्राशीं संबंध आला. सलोनिका येथील छावणींत लुडविक व हान्का हिर्शफेल्ड या पोलिश दांपत्यानें निरनिराळ्या राष्ट्रांच्या सैनिकांचें रक्त तपासलें व १९१९ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. इंग्रज शिपायांत बी गटाचे लोक शंभरांत सातांच्या आसपास, तर हिंदी शिपायांत चाळिसांहून अधिक भरले. या आंकड्यांवरून पुढें कित्येकांनीं वंशश्रेष्ठतेचे इमले उठविले. पण त्या आंकड्यांचा खरा बोध वेगळाच होता. चारहि गट सर्व लोकांत होते. भेद होता तो केवळ प्रमाणाचा. सख्ख्या भावाचें रक्त भावास जुळूं नये आणि समुद्रापलीकडच्या परक्याचें जुळावें, ही गोष्ट ज्या दिवशीं नळींत दिसली त्या दिवशीं कुळाच्या रक्ताचा अभिमान निदान शास्त्रापुरता तरी निकालांत निघाला.

आतां देणारा मिळवावयाचा कोठून, हा प्रश्न पुढें आला. १९२१ सालीं लंडनच्या कॅम्बरवेल भागांतील रेड क्रॉस शाखेचा चिटणीस पर्सी ऑलिव्हर याला जवळच्या रुग्णालयाकडून निरोप आला कीं, तांतडीनें रक्त हवें आहे. तो कांहीं सोबत्यांना घेऊन गेला, आणि त्या अनुभवावरून त्यानें एक सूची तयार केली. नांव, पत्ता, रक्ताचा गट, वैद्यानें केलेली तपासणी असें सारें तींत असे. मोबदला मात्र कांहीं नसे. स्वेच्छेनें रक्त देणाऱ्यांची ही पहिली व्यवस्थित यादी समजली जाते. उलट अमेरिकेंत पुष्कळ ठिकाणीं दात्यास पैसे देत. १९३७ सालीं शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयांत डॉ. बर्नार्ड फँटस यानें रक्त सांठविण्याचें केंद्र काढलें व त्यास बँक हें नांव दिलें. आपणही त्याचें भाषांतर 'पेढी' असें केलें. नांव सोयीचें खरें. परंतु पेढीवर ठेव, उचल आणि व्याज यांचा हिशेब चालतो, आणि रक्ताच्या व्यवहारांत पुढें जो अनर्थ झाला त्याची सूचना जणूं या नांवांतच होती. आपल्या देशांत २०२० सालीं औषधविषयक नियमांत पेढी हा शब्द काढून रक्तकेंद्र हा शब्द घातला गेला; बोलण्यांत मात्र पेढीच राहिली आहे.

हिंदुस्थानांत या कार्याचा आरंभ कलकत्त्यास झाला. काळाआजारावरील औषधामुळें कीर्ति पावलेले डॉ. उपेन्द्रनाथ ब्रह्मचारी यांच्या पुढाकारानें १९३९ सालीं तेथें रक्तसंक्रमणाची व्यवस्था उभी राहिली. आणि १९४२ च्या सुमारास जखमी सैनिकांसाठीं तेथील सार्वजनिक आरोग्याच्या संस्थेंत रेड क्रॉसच्या देखरेखीखालीं रक्तपेढी चालूं लागली. लढाई होती तोंवर रक्त देणारे मिळत. लढाई संपली, उत्साह ओसरला, आणि पेढ्या चालवावयाच्या तर देणाऱ्याच्या हातावर पैसे ठेवावे लागूं लागले. युद्धकाळांतील दानाचें शांततेच्या काळांत मोलमजुरींत रूपांतर झालें, तें असें.

याच वेळीं मुंबईंत एक असा शोध लागला कीं, त्यामुळें रक्ताच्या पारखीचा एक नवाच पैलू जगापुढें आला. १९५२ सालीं डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. देशपांडे व डॉ. भाटिया यांनीं इंग्लंडमधील तज्ज्ञांच्या साह्यानें 'लॅन्सेट' या नियतकालिकांत एका नव्या रक्तलक्षणाची माहिती प्रसिद्ध केली. मुंबईच्या कांहीं माणसांचें रक्त नेहमींच्या तपासणींत ओ गटाचें वाटे. परंतु ओ गटाच्याच दुसऱ्या रक्ताशीं जुळवून पाहिलें तर गुठळ्या होत. कारण पुढें स्पष्ट झालें. ए आणि बी हीं द्रव्यें ज्या पायावर उभीं राहतात तो एच नांवाचा पाया सर्व माणसांत असतो. या माणसांत तोच नव्हता. अशा मनुष्यास फक्त त्याच्यासारख्याच दुसऱ्या मनुष्याचें रक्त चालतें. या गटास जगभर 'बॉम्बे' गट म्हणतात. हिंदुस्थानांत सुमारें दहा हजारांत एखादा असा मनुष्य असतो. युरोपांत दहा लाखांतहि क्वचित्. १९५७ सालीं मुंबईस रक्तगटांच्या अभ्यासाचें एक केंद्र स्थापन झालें; तेंच आजची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरशास्त्र संस्था होय.

या शोधाचा आपल्या विषयाशीं दुहेरी संबंध आहे. एक तर, ठराविक तपासणीचा निकाल डोळे मिटून मानूं नये, रोग्याचें व दात्याचें रक्त प्रत्यक्ष जुळवून पहावें, हा नियम किती मोलाचा आहे, तें यावरून कळतें. दुसरें असें कीं, बॉम्बे गटाच्या रोग्यासाठीं रक्त बाजारांत मिळत नाहीं. तें मिळतें कोणा दूरच्या शहरीं राहणाऱ्या, बोलावतांच येणाऱ्या मनुष्याकडून. त्याचें नांव यादींत हवें आणि त्याचा शब्द भरंवशाचा हवा. पैशानें जी वस्तु विकत घेतां येत नाहीं तिचा हा सर्वांत स्वच्छ दाखला आहे.

परंतु सर्वसाधारण रक्त पैशानें मिळत होतें, आणि बरींच वर्षें तेंच सोयीचें वाटे. मोठ्या शहरांच्या रुग्णालयांभोंवतीं धंदेवाईक रक्तदाते जमले. ते बहुधा दरिद्री, बेकार, पुष्कळदां व्यसनी असत. नव्वद दिवस थांबण्याचा नियम पाळला तर पोट कसें भरावें, असा त्यांचा प्रश्न; म्हणून आज या पेढींत एका नांवानें, आठवड्यानें दुसऱ्या पेढींत दुसऱ्या नांवानें ते रक्त देत. त्यांचें हिमोग्लोबिन उतरत जाई आणि रोग्यास पाण्यासारखें रक्त मिळे. कावीळ झाली होती काय, या प्रश्नास ते काय उत्तर देणार? खरें सांगितलें तर दिवसाची कमाई बुडे. अशा मनुष्यास खोटें बोलल्याचा दोष देण्याआधीं, त्याच्या सत्यावर दंड बसविणाऱ्या व्यवस्थेस दोष दिला पाहिजे.

या व्यवस्थेविरुद्ध मुंबईंत लीला मुळगांवकर यांनीं १९५४ पासून स्वेच्छा रक्तदानाची चळवळ चालविली. टेल्को या कारखान्याचे सुमंत मुळगांवकर यांच्या त्या पत्नी. दानाच्या नांवावर धान्य, वस्त्र, पैसा देणाऱ्या समाजास स्वतःच्या अंगांतील रक्त देण्यास सांगणें, तेंहि ज्या काळीं रक्त काढल्यानें पौरुष जातें अशी भीति सर्रास होती त्या काळीं, हें काम सोपें नव्हतें. पुढें उत्तरेकडे डॉ. जयगोपाल जॉली यांनींहि हेंच व्रत घेतलें. १ ऑक्टोबर हा दिवस १९७५ पासून देशभर स्वेच्छा रक्तदानाचा दिवस म्हणून पाळला जातो, तो त्या चळवळीचें फळ होय.

बाहेरच्या जगास हा धडा एका अपघातानें मिळाला. मार्च १९६४ मध्यें टोकियो येथें अमेरिकेचे राजदूत एडविन रायशॉवर यांजवर सुऱ्यानें हल्ला झाला. रक्त देऊन त्यांचे प्राण वांचविले, पण त्या रक्तांतून त्यांना कावीळ झाली. जपानांत तेव्हां बहुतेक रक्त विकत घेतलेलें असे. राजदूतास बाधा झाली म्हणून जी ओरड झाली ती हजारों गरीब रोग्यांसाठीं झाली नव्हती, हें खरें. तथापि त्याच वर्षीं जपान सरकारनें स्वेच्छा रक्तदानाचें धोरण ठरविलें. पुढें १९७० सालीं रिचर्ड टिटमस या इंग्रज समाजशास्त्रज्ञानें एका ग्रंथांत सिद्धान्त मांडला कीं, विकत घेतलेलें रक्त हें दान केलेल्या रक्तापेक्षां अधिक धोक्याचें असतें. कारण विकणाऱ्यास सत्य लपविण्याचा मोह होतो, देणाऱ्यास तो होण्याचें कारण नसतें. याच सुमारास बारूक ब्लुमबर्ग याच्या शोधामुळें बी प्रकारची कावीळ रक्तांत ओळखतां येऊं लागली. अनेकांस वाटलें, आतां यंत्र आलें, दात्याच्या शब्दाची गरज संपली.

ती संपली नव्हती, हें एड्सनें दाखविलें. १९८६ सालीं मद्रास येथें या रोगाचा जंतु आपल्या देशांत प्रथम आढळला, आणि १९८९ सालीं प्रत्येक रक्तपिशवीची त्यासाठीं तपासणी सक्तीची झाली. त्याच वर्षीं गोव्यांत जें घडलें त्याचा विसर पडूं देतां कामा नये. डॉमिनिक डिसूझा नांवाचा एक तरुण तेथें नेमानें रक्त देत असे. त्याच्या रक्तांत एच. आय. व्ही. आढळला. ही बातमी त्यास एकांतांत, वैद्याच्या तोंडून, धीर देऊन सांगावयास हवी होती. त्याऐवजीं फेब्रुवारी १९८९ मध्यें पोलिसांनीं त्यास ताब्यांत घेतलें आणि म्हापशाजवळच्या एका जुन्या क्षयरुग्णालयांत पहाऱ्यांत ठेवलें. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यांत अशा मनुष्यास वेगळें ठेवण्याची तरतूद होती. ६४ दिवस तो तेथें होता. गुन्हा केलेला नाहीं, कोणाचें वाईट चिंतिलें नाहीं. उलट परक्यांचे प्राण वांचावे म्हणून ज्यानें दंड पुढें केला, त्याच्याच दंडाला पहाऱ्याची दोरी बांधली गेली.

त्याची आई लुसी डिसूझा हिनें मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाकडे दाद मागितली. ॲडव्होकेट आनंद ग्रोव्हर यांनीं तिची बाजू मांडली. अंतरिम आदेशानें डॉमिनिकची सुटका झाली. परंतु अंतिम निर्णयांत न्यायालयानें वेगळें ठेवण्याचा सरकारचा अधिकार वैध ठरविला. सार्वजनिक हितापुढें एकाच्या स्वातंत्र्यास मागें सरावें लागतें, असा त्या निर्णयाचा रोख होता. कायद्यांतील सक्ती मात्र सौम्य झाली. डॉमिनिकनें आपल्यासारख्यांसाठीं 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि १९९२ सालीं तो वारला. पुढें २०१७ सालीं संसदेनें एच. आय. व्ही. बाधितांविरुद्धच्या भेदभावास बंदी करणारा कायदा केला. तो सप्टेंबर २०१८ पासून अमलांत आला. आईच्या त्या अर्जापासून या कायद्यापर्यंतचें अंतर जवळजवळ तीस वर्षांचें आहे.

सार्वजनिक हिताचा मुद्दा पोकळ होता असें आमचें म्हणणें नाहीं. रोग नवा होता, औषध नव्हतें, आणि लोक भ्यालेले होते. परंतु त्याच हिताच्या दृष्टीनें दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. रक्त दिल्यानें मनुष्य कोंडला जाऊं शकतो, ही बातमी गांवोगांव पसरल्यावर किती जण रक्त देण्यास पुढें आले असतील? आणि जे आले त्यांतील किती जणांनीं नाजूक प्रश्नांचीं उत्तरें मोकळेपणानें दिलीं असतील? धंदेवाईकाचें सत्य लोभानें गिळलें होतें. आतां स्वेच्छेनें देणाऱ्याच्या सत्यावर भयाची छाया पडली.

देशांतील एकूण परिस्थिति न्यायालयापुढें आली ती कॉमन कॉज या संस्थेच्या अर्जामुळें. १९९० सालीं सरकारनेंच एका हिशेबतपासनीस कंपनीकडून पाहणी करवून घेतली होती. तींत १०१८ रक्तपेढ्यांपैकीं ६१६ विनापरवाना असल्याचें दिसून आलें. ४ जानेवारी १९९६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला: विनापरवाना पेढ्या बंद कराव्या, राष्ट्रीय व राज्य पातळीवर रक्तसंक्रमण परिषदा स्थापाव्या, आणि दोन वर्षांच्या आंत धंदेवाईक रक्तदान समूळ थांबवावें. त्याप्रमाणें १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची विक्री बंद झाली. त्याच वर्षाच्या १ जुलैस अकोला जिल्ह्यांतून वाशीम जिल्हा वेगळा निघाला व रिसोड त्यांत गेलें. म्हणजे हा जिल्हा जन्मापासूनच अशा काळांतला आहे कीं, ज्यांत रक्त विकणें हा गुन्हा आहे. २००१ सालीं सी प्रकारच्या काविळीची तपासणीहि सक्तीची झाली.

तथापि विक्री बंद झाली तरी लोभाची जागा भिडेनें घेतली. रोग्यास एक पिशवी हवी असेल तर नातेवाइकानें बदली एक पिशवी द्यावी, असा रिवाज पुष्कळ रुग्णालयांत पडला. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर सारें घर उभें आहे, सासरा पहात आहे, मेव्हणा पहात आहे, आणि जांवयाच्या हातीं पत्रक दिलें आहे. पूर्वीच्या रोगाविषयीं किंवा चालचलणुकीविषयीं विचारलेल्या प्रश्नास तो तेथें खरें उत्तर देईल, अशी अपेक्षा कोणीं करावी? "मला देतां येत नाहीं" एवढें म्हटलें तरी कां, म्हणून दहा तोंडें विचारणार. कित्येकदां नातेवाईक मिळत नाहींत म्हणून कोणास तरी पैसे देऊन चुलतभाऊ म्हणून उभें करतात; म्हणजे धंदेवाईक दाता नात्याचा अंगरखा घालून पुन्हां आंत येतो.

या साऱ्याला यंत्र पुरे पडेल, असें अजूनहि कोणास वाटत असेल तर त्यानें २०२२ सालची नागपूरची हकीकत आठवावी. थॅलेसेमिया या जन्मजात रोगामुळें ज्यांना वारंवार रक्त घ्यावें लागे अशा चार बालकांस एच. आय. व्ही. ची बाधा झाल्याचें उघडकीस आलें आणि त्यांपैकीं एक दगावलें. नेमकी चूक कोठें झाली हें ठरविणें हें चौकशीचें काम. परंतु शास्त्राची मर्यादा सर्वांस ठाऊक आहे. जंतु शरीरांत शिरल्यापासून तो चाचणींत दिसूं लागेपर्यंत मध्यें कांहीं काळ जातो. साध्या चाचणीस कांहीं आठवडे लागतात. नॅट नांवाच्या सूक्ष्म व महागड्या चाचणीनें तो काळ सुमारें दहाबारा दिवसांवर येतो. शून्यावर येत नाहीं. शिवाय ही चाचणी सर्व केंद्रांत होत नाहीं. या अंधाऱ्या काळांत काढलेलें रक्त नळींत निर्दोष दिसतें. त्या दिवसांत धोका ओळखूं शकणारा मनुष्य जगांत एकच असतो, आणि तो म्हणजे स्वतः दाता. विदर्भांत सिकलसेलचे रोगीहि पुष्कळ आहेत. त्यांतील ज्यांना पुनःपुन्हां रक्त लागतें त्यांचा जीव प्रत्येक वेळीं एका अनोळखी माणसाच्या खरेपणावर टांगलेला असतो.

येथें एक अवघड प्रश्न उपस्थित होतो. प्रश्न मनुष्याच्या कृतीविषयीं विचारावा, कीं तो कोणत्या वर्गांतला आहे याविषयीं? २०१७ सालीं राष्ट्रीय परिषदेनें दात्यांच्या निवडीचे जे नियम ठरविले त्यांत तृतीयपंथी व्यक्ति, पुरुषांशीं संबंध ठेवणारे पुरुष आणि वेश्याव्यवसायांतील स्त्रिया यांना सरसकट वगळलें. अशा समूहांत रोगाचें प्रमाण अधिक, असें त्याचें समर्थन केलें जातें. उलट, समूहावरून माणसाची पारख करणें हा अपमान आहे, असें म्हणून २०२१ सालीं या नियमास सर्वोच्च न्यायालयांत आव्हान देण्यांत आलें. इंग्लंडनें २०२१ सालीं व अमेरिकेनें २०२३ सालीं वर्गावरची बंदी सोडून प्रत्येक दात्यास सारखेच, त्याच्या अलीकडील वर्तनाविषयींचे प्रश्न विचारण्याची पद्धति घेतली. आमच्या मतें, रोग्याच्या सुरक्षिततेपुढें कोणाच्याहि मानापमानाची तमा बाळगूं नये हें खरें. पण ज्या प्रश्नाचें उत्तर देतांच मनुष्य कायमचा बाहेर पडतो तो प्रश्न उत्तर लपविण्यासच शिकवितो. कृतीविषयींचा नेमका प्रश्न हा अधिक न्याय्य तर आहेच, परंतु अधिक सुरक्षितहि आहे.

आतां हा इतिहास आपल्या गांवांस काय सांगतो, तें थोडक्यांत पाहूं. शिबिरांत पत्रक भरून घेतांना दात्याशेजारीं मित्रमंडळी उभी असूं नये. एका खोलीचा कोपरा पडदा लावून मोकळा ठेवावा, एवढ्यानेंहि पुष्कळ काम होईल. रक्त दिल्यानंतर कोणास शंका आली तर "माझी पिशवी वापरूं नका" असें गुपचूप कळविण्याची सोय असावी, आणि ती आहे हें त्यास सांगावें. चाचणींत दोष आढळला तर तो त्यालाच, एकांतांत, उपचाराच्या पत्त्यासह कळवावा. रक्त कमी म्हणून ज्या स्त्रिया परत जातात, आणि आपल्याकडे त्यांची संख्या थोडी नाहीं, त्यांना नुसता नकार न देतां लोहाच्या गोळ्यांची व तपासणीची वाट दाखवावी. कारण तो नकार हेंच त्यांच्या पंडुरोगाचें पहिलें निदान असूं शकतें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे शिबिरांत पिशव्यांचा उच्चांक करण्यासाठीं भेटवस्तूंची खैरात वाटण्याची जी प्रथा पडली आहे ती आवरावी. पिशवी, डबा, शिरस्त्राण या वस्तु क्षुल्लक दिसतात. पण ज्या लोभास न्यायालयानें १९९८ सालीं पुढच्या दारानें बाहेर काढलें त्यास आपण मागच्या दारानें आंत घेत आहों, हें विसरतां कामा नये.

तात्पर्य, रक्तास दूषित करणारे जंतु पांच असोत वा पन्नास, दात्याच्या शब्दास दूषित करणाऱ्या गोष्टी तीनच आहेत: लोभ, भीड आणि भय. पहिलीचा अनुभव मुंबईच्या बाजारानें घेतला, तिसरीचा म्हापशाच्या कोंडवाड्यानें; दुसरीचा आपण घरोघर घेत आहों. जंतूंसाठीं शास्त्रज्ञ नव्या नव्या चाचण्या काढतील, व त्या काढाव्या. या तीन दोषांवर मात्र प्रयोगशाळेंत औषध नाहीं. तें समाजाच्या वागणुकींतच आहे. ज्याच्याकडून आपण रक्त घेतों त्याच्याकडून आपण खरें बोलण्याचीहि अपेक्षा करतों. मग खरें बोलल्याबद्दल त्याला हंसणें, हाकलणें किंवा कोंडणें हें केवळ त्याच्यावर अन्याय नव्हे; तें पुढच्या रोग्याच्या शिरेंत विष घालणें आहे. रक्ताचें नातें जन्मानें मिळत असे तेव्हां त्यास विश्वासाची गरज नव्हती. अनोळखी माणसांत तें जोडावयाचें असेल तर त्याची सुरुवात सुईनें होत नाहीं. निर्भयपणें विचारलेल्या व निर्भयपणें उत्तर दिलेल्या प्रश्नानें होते.